दिवाळीच्या आधी, दुकानदार मित्रांना: एक खुलं पत्र

ठाण्याच्या नौपाडा, गोखले रोड, राममारुती रोड आणि जांभळी नाका परिसरातल्या माझ्या दुकानदार बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

पंधरा दिवसांपूर्वीच्या रविवारी आपण चाळीसेक जण दिवाळीच्या तयारीसाठी जमलो होतो. बाहेरून एक मार्गदर्शक बोलावले होते. विषय होता गिऱ्हाइकाचं मन. दोन तास ते बोलले, आणि बोलले छान. शेवटी त्यांनी पडद्यावर काही युक्त्या दाखवल्या आणि त्याच संध्याकाळी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरायला लागलं की यंदा सगळ्यांनी मिळून त्या वापरायच्या. माल पोत्यांनी भरलेला असला तरी 'शेवटचे दोनच नग' असा मेसेज सोडायचा. सुट्या मालावर आधी वाढीव किंमत लिहायची, ती खोडायची आणि खाली नेहमीचा भाव लिहायचा. घरपोच ऑर्डर घेताना पॅकिंगचे 20 रुपये बोलायचे नाहीत, पैसे पाठवायची वेळ आली की धरायचे. ग्रुपवर पटापट अंगठे उमटले. माझा उमटला नाही, तेव्हा दोघा-तिघांनी विचारलं, "ताई, तुम्ही गप्प का?"

चार ओळींत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून हे पत्र.

माझं मसाल्याचं दुकान तुम्हाला माहीत आहे. आजोबांनी सुरू केलं, बाबांनी वाढवलं, गेली 14 वर्षं मी गल्ल्यावर बसते. मानसशास्त्रात एम.ए. केलं तेव्हा घरात सगळे म्हणाले होते की दुकानात बसायचंय तर याचा काय उपयोग. उपयोग रोज होतो. म्हणून पहिल्यांदा हे स्पष्ट सांगते की त्या मार्गदर्शकांच्या मूळ मुद्द्याशी माझं भांडण नाही. गिऱ्हाईक हिशोब करून विकत घेत नाही, मनाने घेतं, आणि मनाचे काही ठरलेले स्वभाव असतात, हे खरं आहे. ते शिकलंच पाहिजे. घोडबंदर रोडचे मॉल ते शिकलेत, दहा मिनिटांत सामान आणून देणारी ॲप ते शिकलीत. आपणच मागे राहून कसं चालेल?

खरं तर आपल्या घरातली जुनी माणसं यातलं बरंच जाणून होती. जांभळी नाक्यावरची भाजीवाली आठवा. वजन झालं, पैसे झाले, पिशवीचं तोंड बंद करायच्या आत ती मूठभर कोथिंबीर आणि दोन मिरच्या वर टाकते. मागितलेलं नसतं. दुसऱ्या दिवशी आपले पाय त्याच टोपलीकडे वळतात. डेनिस रीगन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1971 साली हेच प्रयोग करून दाखवलं. प्रयोगात सोबत बसलेल्या माणसाने काही जणांना न मागता कोकची बाटली आणून दिली आणि थोड्या वेळाने सोडतीची तिकिटं विकायला काढली. ज्यांना बाटली मिळाली होती त्यांनी, न मिळालेल्यांच्या जवळपास दुप्पट तिकिटं घेतली. तो माणूस त्यांना आवडला होता की नाही, याने फारसा फरक पडला नाही. कुणी काही दिलं की परत करावंसं वाटतं, इतका हा ओढा जुना आहे.

मात्र यातली एक बारीक गोष्ट आपण विसरतो. कोथिंबीर हिशोब झाल्यावर येते. '500 ची खरेदी करा, कोथिंबीर मोफत' अशी पाटी लावली की ती भेट राहत नाही, भावाचा एक भाग होते, आणि गिऱ्हाईक ती हक्काने मागतं. आमच्याकडे आई अजूनही बिल झाल्यावर मेतकुटाची छोटी पुडी पिशवीत सरकवते, "नातवाला भाताबरोबर द्या" म्हणून. मी एकदा ती पुडी 'ऑफर' म्हणून फळ्यावर लिहिली होती. आईने तीन दिवसांत फळा पुसायला लावला. बरोबर होतं तिचं.

आता त्या रविवारी सांगितलेल्या दोन गोष्टी दुरुस्त करायच्या आहेत, कारण पाया चुकीचा असला की वरची इमारतही वाकडी होते.

पहिली गोष्ट सिनेमाघरातली. पडद्यावर डोळ्यांना दिसणारही नाही इतक्या झटकन 'पॉपकॉर्न खा' असं दाखवलं आणि विक्री निम्म्याहून जास्त वाढली, ही. ते जाहिरातवाले गृहस्थ म्हणजे जेम्स व्हिकरी, आणि साल 1957. पाच वर्षांनी, 1962 मध्ये, त्यांनीच कबूल केलं की ते धंदा वाचवायला केलेलं नाटक होतं आणि हाताशी म्हणावी तशी माहितीच नव्हती. ही गोष्ट आजही प्रशिक्षणांत खरी म्हणून सांगितली जाते. गिऱ्हाइकाच्या डोक्यात त्याच्या नकळत शिरायची चोरवाट असते असं आपल्याला वाटावं, एवढंच तिचं काम.

दुसरी गोष्ट जामच्या बाटल्यांची. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांचा हा प्रयोग 2000 साली प्रसिद्ध झाला आणि तो खरा आहे. कॅलिफोर्नियातल्या एका किराणा दुकानात कधी 24 प्रकारचे जाम चाखायला ठेवले, कधी 6. 24 असताना जास्त लोक थांबले, शंभरात साधारण 60. सहा असताना 40. पण थांबलेल्यांपैकी खरेदी किती जणांनी केली? 24 प्रकार असताना शंभरात 3, सहा प्रकार असताना 30. यावरून आपल्याला सांगण्यात आलं की माल कमी ठेवा. पण पुढची गोष्ट सांगितली गेली नाही. नंतरच्या वर्षांत असेच अनेक प्रयोग झाले आणि 2010 मध्ये ते सगळे एकत्र मांडून पाहिले, तेव्हा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. कुठे जास्त पर्यायांनी विक्री घटली, कुठे वाढली. म्हणजे नियम 'कमी ठेवा' असा नाही. गिऱ्हाईक गोंधळलंय का, ते बघायचं.

आमच्याकडे लोणची-चटण्या-पिठं मिळून पन्नासच्या वर बरण्या आहेत. एकही काढली नाही. फक्त बरण्यांची मांडणी बदलली. आधी नावाप्रमाणे होती, आता कामाप्रमाणे आहे. एका फळीवर 'उपवासाला', एकीवर 'डब्याला', एकीवर 'पाहुणे अचानक आले तर', एकीवर 'आजारी माणसाला'. नवीन लग्न होऊन ठाण्यात आलेली मुलगी पूर्वी बरण्यांकडे बघत उभी राहायची आणि शेवटी हळद घेऊन जायची. आता ती 'डब्याला' या फळीसमोर थांबते आणि विचारते, "ही शेंगदाण्याची चटणी किती दिवस टिकेल?" प्रश्न आला की विक्रीचं निम्मं काम झालं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

हे असं साधं, रोजचं काम म्हणजे मानसशास्त्र, अशी माझी समजूत आहे. गिऱ्हाइकाच्या मनात कुठे अडतंय ते बघायचं आणि तो खडा बाजूला करायचा.

अशीच एक उपयोगी गोष्ट कार्डाची. जोसेफ नुनेस आणि झेव्हियर ड्रेझ यांनी गाड्या धुण्याच्या एका केंद्रावर 300 कार्डं वाटली, हा प्रयोग 2006 मध्ये छापून आला. निम्म्या कार्डांवर 8 रकाने, सगळे भरले की एक धुलाई मोफत. उरलेल्या निम्म्यांवर 10 रकाने, पण दोन शिक्के आधीच मारलेले. दोन्हींत गिऱ्हाइकाला आठच वेळा यायचं होतं. पहिल्या गटातल्या शंभरात 19 जणांनी कार्ड पूर्ण केलं, दुसऱ्यातल्या 34 जणांनी. सुरुवात झालेली दिसली की माणूस पुढे चालत राहतो. विणकामाचे टाके कुणी घालून दिले की हात आपोआप सुईकडे जातो, तसंच.

दळणासाठी मी असं कार्ड छापलं तेव्हा मला स्वतःलाच प्रश्न पडला की ही फसवणूक तर नाही? खूप विचार केला. शेवटी कार्ड देताना तोंडाने सांगायला लागले, "आठ दळणं झाली की नववं फुकट. पहिले दोन शिक्के आमच्याकडून, सुरुवात म्हणून." सगळं सांगूनही कार्ड चालतं. लोक पाकिटात जपून ठेवतात. तिथे मला माझी कसोटी सापडली. जी युक्ती काउंटरवर मोठ्याने सांगितली तरी चालते, ती वापरायची. सांगितल्याबरोबर जी मोडून पडते, तिच्या मुळाशी लबाडी असते.

आता त्या 'शेवटच्या दोन नगां'कडे येते. हे मी कुणाकडे बोट दाखवून लिहीत नाही. हे मी केलेलं आहे.

तीन वर्षांपूर्वीची दिवाळी. चकलीची भाजणी त्या वर्षी जरा जास्तच झाली होती आणि वसुबारस चार दिवसांवर आली तरी म्हणावी तशी उठत नव्हती. मी दुपारी मेसेज टाकला, "चकली भाजणीची शेवटची 10 पाकिटं. आजच घेऊन जा." अर्ध्या तासात फोन सुरू झाले. साडेचारला दुकान उघडलं तर पायरीवर पाचपाखाडीच्या एक काकू बसलेल्या. आईच्या वयाच्या, आईच्या ओळखीच्या. गुडघ्याला पट्टा, कपाळावर घाम, रिक्षा मिळाली नाही म्हणून अर्धं अंतर ऑक्टोबरच्या उन्हात चालत आलेल्या. मी त्यांना स्टूल दिलं, पाणी दिलं. दोन पाकिटं काढून पुढे ठेवली. तेवढ्यात मागच्या पडद्याआडून आमच्या दुकानात कामाला असलेला मुलगा भाजणीचा भरलेला क्रेट घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, "ताई, हा पण पुढेच ठेवू ना? आत अजून चार आहेत."

काकूंनी क्रेटकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग मोबाइलवरचा माझा मेसेज पुन्हा एकदा वाचला, चष्मा वर करून, अगदी सावकाश. म्हणाल्या, "अगं, संपत आलीय म्हणून दुखरा पाय घेऊन आले मी." बाकी काही नाही. पैसे मोजून दिले. सुटे परत घेतले, बटव्यात एकेक नाणं टाकलं, बटव्याची नाडी ओढली. आईने पुडी पिशवीत सरकवायला हात पुढे केला तर म्हणाल्या, "राहू दे."

त्या दिवशी भाजणी सगळी गेली. मार्गदर्शक खोटं बोलत नाहीत, युक्ती चालते. रात्री गल्ला मोजताना आकडा चांगला होता. पण काकू पुन्हा आल्या नाहीत. बाबांच्या वेळेपासून त्यांच्या घरचा वर्षाचा मसाला आमच्याकडून जायचा. मिरच्या, धणे, सगळं आमच्याच हाताने निवडलेलं. तो मसाला कुठल्या वहीत 'गेला' म्हणून लिहायचा? तिथेच या युक्त्यांचा खरा धोका आहे. कमाई त्याच संध्याकाळी गल्ल्यात दिसते. नुकसान कुठेच दिसत नाही, कारण न आलेलं गिऱ्हाईक बिल फाडत नाही.

हेच शास्त्र पुढे काय म्हणतं तेही ऐका. डॅनियल कानेमन आणि आमोस ट्वेर्स्की यांनी 1979 मध्ये मांडलं की मिळाल्याच्या आनंदापेक्षा गमावल्याचं दुःख माणसाला जास्त बोचतं. पुढे 1992 मध्ये त्यांनी त्याचं मापही काढलं, साधारण सव्वादोन पट. कानेमन यांना 2002 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ट्वेर्स्की त्याआधीच, 1996 मध्ये गेले होते. 'शेवटचे दोन' हा मेसेज चालतो तो याच भीतीवर, की हातचं जाईल. पण फसवलं गेल्याचं कळलं की तेच माप उलटं आपल्यावर येतं. वीस रुपये वाचल्याचा आनंद गिऱ्हाईक आठवड्यात विसरतं. वीस रुपयांना फसल्याचं ते सोसायटीच्या लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, भिशीत सांगतं.

ॲपला हे परवडत असेल. त्याच्याकडे देशभरातून उद्या नवी माणसं येतील. आपलं गिऱ्हाईक दहा इमारतींतलं आहे.

खोडलेल्या किमतीचंही तसंच. ती का चालते, ते कानेमन आणि ट्वेर्स्की यांनीच 1974 मध्ये दाखवलं होतं. लोकांसमोर एक चक्र फिरवलं, ते मुद्दाम 10 किंवा 65 वरच थांबेल असं केलेलं. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांतले किती टक्के देश आफ्रिकेतले? ज्यांनी 10 बघितलं होतं त्यांचा अंदाज मध्यावर 25 निघाला, ज्यांनी 65 बघितलं त्यांचा 45. चक्राचा आणि आफ्रिकेचा काडीचा संबंध नाही, तरी पहिला आकडा मनात खुंटीसारखा ठोकला जातो. म्हणून 400 खोडून 240 लिहिलं की 240 स्वस्त वाटतात. पाकीटबंद मालावर छापील एमआरपी असते, तिथे हा खेळ करायला वाव कमी. आपला सुटा माल, मिठाई, कपडे, इथे मोह जास्त.

पण खुंटी खरीही ठोकता येते. यंदा मी पाटी लिहिणार आहे, "गोडा मसाला पाव किलो 240. गेल्या दिवाळीलाही 240." वाशीच्या मसाला मार्केटातून आणलेल्या मालाचे भाव किती वर-खाली झाले ते गिऱ्हाईकही जाणतं. भाव वाढवावा लागला तर तेही लिहीन, कशामुळे ते एका ओळीत. आकडा खरा असला की तो मनात बसायला हरकत काय?

आणि त्या न बोललेल्या 20 रुपयांबद्दल, मंडळी, जरा सावध राहा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी 'डार्क पॅटर्न'विषयी, म्हणजे ऑनलाइन खरेदीत गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या युक्त्यांविषयी, मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यांत अशा 13 पद्धती नाव घेऊन सांगितल्यात. खोटी घाई लावणं त्यात आहे. न सांगता टोपलीत जास्तीची वस्तू टाकणं त्यात आहे. आधी कमी किंमत दाखवून शेवटच्या पायरीला आकार चढवणं त्यात आहे. या सूचना फक्त बड्या ॲपना आहेत असं समजू नका, जाहिरातदार आणि विक्रेते यांचाही त्यात उल्लेख आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. गिऱ्हाइकाला 1915 या नंबरवर फोन करून तक्रार नोंदवता येते. आपण मोबाइलवरून ऑर्डर घ्यायला लागलो, म्हणजे आपण त्याच बाजारात आलो. पॅकिंगचे पैसे घ्यायचेच असतील तर पहिल्या मेसेजमध्ये लिहा. किंवा भावात धरा आणि 'पॅकिंगसकट' असं लिहा. मी दुसरं करते. लोकांना शेवटी चढलेले 20 रुपये टोचतात, आधीच धरलेले टोचत नाहीत. हेही मानसशास्त्रच, आणि हे उघडपणे सांगता येतं.

घाईसुद्धा खरी असेल तर जरूर सांगा. आमच्या गिरणीत दिवसाला ठरावीकच भाजणी दळून होते. म्हणून मी यंदा वसुबारसेच्या आठ दिवस आधी नोंदणी बंद करणार आहे आणि पाटीवर कारणही लिहिणार आहे: "गिरणी एक, हात चार." नंतर कुणी आलं, अगदी ओळखीचं आलं, तरी नाही म्हणणार. तारीख एकदा मोडली की पुढच्या वर्षी ती तारीख कुणी मानणार नाही. शिंपी मित्रांनो, तुम्ही हे वर्षानुवर्षं करत आलात. "दसऱ्यानंतर कापड घेत नाही" असं म्हणता आणि खरंच घेत नाही, म्हणून तुमच्याकडे भाद्रपदातच रांग लागते.

दुसऱ्याचं बघून घेण्याचा स्वभावही असाच वापरता येतो. अमेरिकेत एका हॉटेलात टॉवेल पुन्हा वापरा अशी विनंती दोन तऱ्हांनी केली. 'पर्यावरणासाठी' म्हटल्यावर साधारण 35 टक्के पाहुण्यांनी ऐकलं, 'बहुतेक पाहुणे असं करतात' म्हटल्यावर 44 टक्क्यांनी. पुढच्या वेगळ्या प्रयोगात 'याच खोलीत राहिलेले बहुतेक पाहुणे' असं म्हटल्यावर 49. हे 2008 मध्ये छापून आलं. जितका जवळचा शेजारी, तितकी त्याची गोष्ट पटते. आमच्या दारात एक फळा आहे, दर शनिवारी रात्री बिलबुक बघून त्यावर लिहितो, 'या आठवड्यात सर्वांत जास्त काय गेलं'. एकदा कुळथाचं पीठ आलं तर पुढच्या सोमवारी चार घरच्या बायका "पिठलं कसं करायचं" विचारत आल्या. एकदा मात्र आमच्याकडे पडून असलेला पावभाजी मसाला फळ्यावर लिहायचा मोह झाला होता. खडू हातात घेतला होता. काकू आठवल्या आणि ठेवून दिला.

मुहूर्ताबद्दल थोडंसं. नव्या सुरुवातीच्या दिवशी माणूस चांगल्या सवयी लावून घ्यायला तयार असतो, असा एक अभ्यास 2014 मध्ये आला, आठवड्याच्या, महिन्याच्या, वर्षाच्या सुरुवातीला लोक व्यायामशाळेत जास्त जातात वगैरे. साडेतीन मुहूर्त पाळणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटणार नाही. पण आपण गुढीपाडव्याला सोनं आणि गाड्याच विकतो. कौपिनेश्वराकडून निघणाऱ्या स्वागतयात्रेच्या दिवशी नाचणीचं पीठ, कडधान्यं, मुलांची पुस्तकं, चालायचे बूट विकायला काय हरकत आहे? येत्या गुढीपाडव्याला करून बघूया.

आता करून बघण्याविषयी, कारण हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेतल्या हॉटेलात जे झालं ते गोखले रोडवर होईलच असं नाही. जामच्या प्रयोगाचं काय झालं ते वर सांगितलंच. म्हणून माझ्यासकट कुणाचंही ऐकून एकदम सगळं बदलू नका. एकच गोष्ट बदला. एक दिवस नवी मांडणी, दुसऱ्या दिवशी जुनी, अशी आलटून-पालटून चार आठवडे, आणि रोज रात्री वहीत त्या एका वस्तूची विक्री लिहा. पहिला आठवडा असा आणि दुसरा तसा असं करू नका, कारण महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत पगार झालेले असतात आणि तेव्हा काहीही केलं तरी विक्री वाढलेली दिसते. सणाचा आठवडा तर धरूच नका. मी पहिल्या वर्षी हीच चूक केली. नवं लेबल श्रावणात लावलं, उपवासाची भाजणी धडाधड गेली आणि मी लेबलाला शाबासकी दिली. ते लेबल नव्हतं, श्रावण होता.

वहीत अजून एक रकाना आखा. नेहमीचं जे गिऱ्हाईक महिनाभर आलं नाही, त्याचं नाव. सगळे आठवणार नाहीत, पण गल्ल्यावर बसणाऱ्याला दहा-बारा तरी नक्की आठवतात. मी तीन वर्षं हा रकाना लिहिते आहे. पहिलं नाव कुणाचं आहे ते तुम्ही ओळखलं असेल.

माझी विनंती अशी आहे. या दिवाळीपुरतं तरी आपण ग्रुपवर तीन गोष्टी ठरवूया. नग मोजूनच 'शेवटचे' म्हणायचं. खोडलेली किंमत ही खरोखर कधीतरी आपण घेतलेली किंमत असेल, तरच लिहायची. घरपोचचे, पॅकिंगचे जे काही पैसे असतील ते पहिल्याच मेसेजमध्ये लिहायचे. आणि हे आपण पाळतो असा एक छोटा कागद छापून सगळ्यांच्या काचेवर लावायचा. राममारुती रोडवर दिवाळीच्या पहाटे सगळं ठाणं नटूनथटून उतरतं. तलावपाळीपासून गडकरी रंगायतनपर्यंत फिरणाऱ्या त्या पोरांनी चाळीस दुकानांच्या काचांवर तोच कागद बघितला, तर आपल्या रस्त्याबद्दल ती काय बोलतील? ती आपली जाहिरात, आणि तिला एक पैसा पडणार नाही. ज्यांना पटणार नाही त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. पण ज्यांनी घाईत अंगठा दिला, त्यांनी एकदा आपल्या जुन्या गिऱ्हाइकाचा चेहरा डोळ्यांसमोर आणून तो मेसेज मोठ्याने वाचून बघावा.

येत्या मंगळवारी दुपारी दीड ते चार दुकान बंद असतं, तेव्हा मी आतच असते. या. वही दाखवते, बरण्यांची मांडणी दाखवते, कार्डाचा नमुना देते. कागदावर काय लिहायचं ते तिथेच बसून ठरवू, कच्चा मजकूर मी करून ठेवला आहे. भाजीवाल्या मावशींनाही बोलावलं आहे. आणि दोन दिवसांपूर्वी आईने पाचपाखाडीला फोन केला होता. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय म्हणाल्या, आता जिना चढता येतो. सोमवारी भाजणी घेऊन मी त्यांच्या घरी जाते आहे.

आपली,
नौपाड्यातली मसालेवाली